धर्मादादांचा खवाटा

धर्मादादांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारायच्या आधी सदरा वर केला. "पाठीला कान लाव. आयक!"

त्यांनी हात डोक्यावर नेला आणि पाठीतून आवाज आला, कट्-कट्-कट्ट! मी दचकलो. दादा खूश. "कसला वाजतो! अख्ख्या कोलशेतात असा पीस नाय!"

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. घराण्यातला पहिला पदवीधर मी, गावाहून ठाण्याला नोकरीला आलेलो. दादांनी त्यांच्या घरालगतची खोली मला दिली आणि 'बीए' हे नावही. ते एकटेच राहत, खाडीत मासेमारी करत.

टेंभी नाक्याच्या दहीहंडीत दादा कायम खालच्या थरात. मी येण्याआधी एका वर्षी वरचे सगळे थर त्यांच्यावर कोसळले, बरगड्या मोडल्या. दादांनी दवाखान्यात जायच्या ऐवजी जाळ्याचा दोर छातीला करकचून बांधला आणि होडी काढली. बरगड्या जुळल्या, पण वाकड्या.

तेव्हापासून गल्लीतली पोरं, पोस्टमन, लग्नाचे पाहुणे, सगळ्यांनी त्या पाठीला कान लावलेला. पण दुखणं वाढलं. जाळं फेकायला हात उचलेना. डॉक्टर म्हणाले, "खांद्यामागचं पसरट हाड, खवाटा, वाकड्या बरगड्यांवर घासतंय. तिथला उंचवटा तासावा लागेल. नाहीतर हे जाळं विसरा."

"तासायला मी काय होडीचं फळकूट?" दादा भडकले. मग शिमगा आला, मग भाचीची हळद, मग नारळी पौर्णिमा. दर वेळी तारीख पुढे. शेवटी एका सकाळी फेकलेलं जाळं त्यांच्याच पायाशी गोळा होऊन पडलं. दादा काठावर बसून राहिले. मग म्हणाले, "चल बीए, तासून घेऊ."

ऑपरेशनला नेताना त्यांनी स्ट्रेचर थांबवलं. "शेवटचा खेळ हाय, आयकून घ्या!" सिस्टरबाईंनीसुद्धा हसत कान लावला.

काही महिन्यांनी अख्खी आळी खाडीवर जमली. दादांनी हात मागे नेला, वर उचलला, आणि जाळं हवेत गोल फुलून पाण्यावर पडलं! कळ नाही, आवाज नाही. आम्ही शिट्ट्या मारल्या, नाचलो. मी तर रडलोच.

त्यानंतरच्या रविवारी दादा ओट्यावर बसलेले. पोरं समोरून धावत गेली, कुणी थांबलं नाही.

"बीए, ये. कान लाव."

"दादा, आता वाजतंय कुठं?"

"नाय वाजत, तंच आयक."

मी कान लावला. दादांनी हात हलवलाच नाही. आत नुसता त्यांचा श्वास चाललेला, आणि मी बराच वेळ ऐकत राहिलो.