अशक्तांचा आखाडा

चौऱ्याहत्तर सालच्या कार्तिकात राजूरजवळच्या एका गावी थंडीतापाची लस आली. कुप्या मोजक्याच होत्या. ‘प्रथम अशक्तांना द्यावी’ असा वरून हुकूम होता, आणि हुकूम कानी पडताच त्या धडधाकट गावाला हां हां म्हणता अशक्तपणा आला.

बायनाबाई मात्र खरीच अशक्त. सत्तरी उलटलेली, त्यात दमा. मागल्या हिवाळ्यात तिनं तापानं अंथरूण धरलं, तेव्हा सरपंच अप्पारावांनी माणुसकीच्या नात्यानं तिची एक शेळी सांभाळायला नेली. ती ते अजून सांभाळतच होते. आता उरल्या एका शेळीवर म्हातारीचं पोट होतं.

“औंदा पडले तर हीबी जाईल, बाबा. मला जल्दी टोच,” लस घेऊन आलेल्या संपतला ती म्हणाली.

“आजी, मी आत्ता टोचलं असतं. पण अशक्त कोण, ते समिती ठरवून राह्यली.”

समिती म्हणजे जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच. निवाडा करायचा अनुभव गावात दुसऱ्या कुणाला होता कुठं? अध्यक्ष अप्पाराव. ते स्वतः उमेदवारही होते, पण त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. समितीनं पान-तंबाखूसह सखोल विचार केला. सशक्त कोण हे कुस्तीनं ठरतं, सबब अशक्तही कुस्तीनंच ठरावा. ज्याची पाठ आधी मातीला लागेल, त्याला लस.

हलगी वाजली. उभ्या तालुक्याला लोळवणारा धुळाजी पैलवान कण्हत कण्हत आखाड्यात उतरला. समोर म्हस्कू. सलामी झाली न झाली तोच म्हस्कू उताणा पडू लागला. त्याची पाठ टेकू नये म्हणून धुळाजीनं त्याला वरच्या वर झेललं, डोक्यावर उचलून धरलं आणि मग स्वतः सावकाश मागं आडवा झाला.

“बघा, पंच! माझ्यात बिलकुल जीव न्हाई!” म्हस्कूला हातांवर तोलत तो ओरडला. पंचांना ते पटलं.

असं करता करता एकच कुपी उरली. शेवटची कुस्ती, अप्पाराव विरुद्ध बायनाबाई.

म्हातारीला दोघांनी धरून आणलं. टेकायला काही मिळतंय का बघत होती बिचारी, तेवढ्यात तिला ठसका लागला. त्यासरशी आखाड्याच्या पार पलीकडच्या कडेला उभे असलेले अप्पाराव धाडकन पाठीवर पडले.

“अगं आई गं! केवढी ही ताकद!”

निकाल एकमतानं लागला. अप्पारावांना लस, बायनाबाईला फेटा आणि नारळ.

“मुडद्यांनो, फेटा काय करू? सुई द्या की!”

“आजी, तुम्ही सरपंच लोळवला,” संपत खाली मान घालून म्हणाला. “आता तुम्हाला टोचलं तर माझी नोकरी जाईल.”

पौषात म्हातारी तापानं फणफणली. तोच फेटा कानांना गुंडाळून कुडकुडत पडली. अप्पाराव दारात आले, ठणठणीत.

“पैलवान माणूस तुम्ही, आजी. उठाल चार दिवसांत. तवर हिला सांभाळतो मी,” म्हणाले, आणि शेळीचं दावं सोडून तिला घेऊन चालू लागले.

चार दिवस कसले, माघ उजाडला. उठली तशी म्हातारी शेळीची तक्रार घेऊन तालुक्याला, भोकरदनच्या एसटीत चढली. गाडी गच्च भरलेली. ती दांड्याला लटकून खोकू लागली आणि बाकांवरच्या धडधाकट माणसांचे डोळे पटापट मिटले.

हसताय काय? खिडकीपाशी तुम्हीच तर होतात.