ताशी एक्क्याण्णवचा बूट

क्लबने लाथेचा वेग मोजणारं यंत्र आणलं आणि बाल फुटबॉलमधला अंदाधुंद कारभार एकदाचा संपला. यापुढे संघनिवड गोल बघून नव्हे, वेग बघून होईल, असं समितीने जाहीर केलं. गोल काय, नशिबानेही होतात.

चिमणीचे बाबा चाचणी बघायला मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. त्यांची लेक गोलरक्षकाला हुलकावणी देऊन चेंडू अलगद जाळ्यात सारायची. यंत्राने तिला तेवीस दिले.

"तेवीस? माझी सायकल जाते एवढ्या वेगाने," प्रशिक्षक म्हणाले.

"पण सर, गोल झाला ना!"

"अहो, गोलाची सध्या नोंद होत नाही."

तेवढ्यात एका धिप्पाड मुलाने लाथ हाणली. चेंडू जागचा हलला नाही. सैल बूट मात्र सुटला आणि यंत्रावर एक्क्याण्णव झळकले. समितीची तातडीची बैठक बसली. नियमात 'पायापासून सुटलेली वस्तू' एवढंच म्हटलं होतं. बूट ही वस्तू होती आणि ती रीतसर सुटली होती. मुलगा कर्णधार झाला.

आठवडाभरात दुकानांतले मोठ्या मापाचे बूट संपले. पालक हेल्मेट घालून सराव बघू लागले. चेंडू मध्येमध्ये येतो, म्हणून तो सरावातून वगळण्यात आला.

"बाबा, सैल बुटात पळता येत नाही," चिमणी कुरकुरली.

"पळायचंय कुणाला? संघात यायचंय ना?" बाबांनी तिच्या बुटांच्या नाड्या काढून खिशात टाकल्या. वाईट वाटलं, पण लेक बाकावर बसलेली त्यांना बघवत नव्हती.

चिमणीची निवड झाली. सामन्यात समोरच्या क्लबकडेही यंत्र निघालं, त्यामुळे मैदानभर बूट उडत होते आणि चेंडू बिचारा एकटाच बसून होता. चिमणी पाय फरफटत त्याच्यापाशी पोचली. गोलरक्षक आपला बूट शोधायला गेला होता. समोर मोकळं जाळं! तिने पाय उचलला, बूट सुटला आणि ती उताणी पडली.

चौऱ्याण्णव! प्रेक्षक उभे राहून नाचू लागले.

"बाबा, माझा गोल होता तो!" चिमणी हमसून हमसून रडत होती.

बाबा आकड्याचा फोटो काढत होते. 'आमची चिमणी, ताशी चौऱ्याण्णव!' असं लिहून त्यांनी तो सगळ्यांना धाडला. कोपऱ्यात रडणारी पोरगी स्पष्ट दिसत होती. तुम्हीही फोनवर घाईघाईने 'लाइक'चा अंगठा दिलात आणि लगेच शेजारी बसलेल्या आपल्या मुलाला विचारलंत, "तुझा किती रे?"