डोंगळे सरांचा भांडखोर वर्ग

डोंगळे सर वर्गात शिरले की फळ्याकडे पाठ करून एकच शब्द बोलायचे, "भांडा!"

नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या एका कॉलेजात सर आणि मी पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवायचो. मी फळा भरायचो, पोरं तो उतरवून घ्यायची, सगळे सुखात. सर मात्र एक प्रश्न टाकायचे, हात वर करायला लावायचे, मग शेजाऱ्याशी वाद घाला म्हणायचे आणि पुन्हा हात वर. उत्तर सांगायचं नावच नाही. कुणी मागितलंच तर म्हणायचे, "मी सांगितलं तर ते माझं उत्तर झालं. तुझं कुठाय?"

एकदा त्यांनी तालमीतला एक पैलवान आणि एक काडीपैलवान समोरासमोर चाकांच्या ढकलगाड्यांवर बसवले. पैलवानानं ढकललं. तो स्वतः जरासा मागे सरकला. काडीपैलवान थेट दाराबाहेर, प्राचार्यांच्या पायाशी.

"डोंगळे, वर्गात मारामारी?"

"न्हाय सर, न्यूटनचा तिसरा नियम हाय. सांगा बघू, जास्त जोर कुणावर लागला?"

प्राचार्यांनी काडीपैलवानाकडे बोट दाखवलं. "चूक! सारखाच!" सगळा वर्ग ओरडला. प्राचार्य पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

सरांच्या एका तासाला मी मागच्या बाकावर बसलो होतो. सरांनी विचारलं, "चेंडू वर फेकला. अगदी वर पोचला, थांबला. त्या क्षणाला पृथ्वी त्याला ओढती का न्हाय?" वाद झाला. 'ओढते' म्हणून जवळजवळ सगळे हात वर गेले. 'ओढत नाही' म्हणून एकच हात, कबनूरहून एसटीनं येणाऱ्या संगीताचा. वर्ग खो खो हसला. तिचा हात खाली यायला लागला, तोच सरांनी स्वतःचा हात वर केला.

"मी हिच्याकडनं. बोल संगीता, दोघं मिळून ह्यांना गप करू."

"सर, चेंडू थांबतो की! मग ओढ कुठली?"

"व्हय की. थांबला. पुढं?"

"पुढं... खाली येतो." ती अडखळली. मग एकदम डोळे मोठे करून म्हणाली, "ओढ नसती तर वरच राहिला असता! सर, आपण चुकलो!"

"चुकलो बघ दोघंबी," सर खुशीत म्हणाले. या वेळी वर्गाबरोबर ती पण हसली.

चहा पिताना मी म्हटलं, "अहो, तुम्हाला उत्तर माहीत होतं."

सर म्हणाले, "पहिल्या वर्षाला मीबी असाच एकदा चुकलोतो. वर्ग हसला. पदवी हातात पडंपर्यंत पुन्हा तोंड उघडलं न्हाय."

त्यांनी माझ्या बशीतलं बिस्किट उचललं आणि ते पुढच्या तासाला निघून गेले.