चार सारखी घड्याळं

नागसेनला चारठाण्याला ग्रामसेवकाची सरकारी नोकरी लागली, तेव्हा तो कारकून होता त्या झरीकडच्या खासगी शाळेच्या कार्यालयात एकानंही त्याचं अभिनंदन केलं नाही. सगळ्यांनी एकच विचारलं, "मग, आमाला काय देनार?" सोडून जाणाऱ्याला इतरांनी काही द्यावं, अशी जगाची रीत. या कार्यालयाचा दस्तूर उलटा होता. ज्याचं भलं झालं त्यानं मागं राहिलेल्यांना वस्तू द्यायची, तीही स्वतःचं नाव छापून. वस्तू पसंत पडली नाही, की कार्यमुक्तीचा कागद हेडक्लार्क बन्सीधरभाऊसाहेबांच्या टेबलावर आजारी पडायचा.

नागसेनला सोमवारी नव्या जागी हजर व्हायचं होतं. तो कागद नसेल तर तिथं कोणी दारात उभं करणार नव्हतं, आणि चार वर्षं रात्रंदिवस अभ्यास करून मिळवलेली नोकरी हातची जायची.

"मानसं लय नाजूक हायेत," तो बायकोला, संघप्रियाला म्हणाला. "एकाला भारी दिलं की दुसरा फुगतो."

"मग समद्यांना एकसारखं द्या की. कोनाला बोलायला जागाच ठिवू नका."

सल्ला बिनतोड होता. नागसेननं परभणीहून भिंतीवरची चार सारखी घड्याळं आणली. काचेखाली 'नागसेन यांजकडून सप्रेम भेट' असं छापून घेतलं आणि शुक्रवारी दुपारी वाटून टाकली. हेडमास्तरांनी खोकं न उघडताच गाडीच्या डिकीत टाकलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या भाच्याचं लग्न होतं.

भाऊसाहेबांनी मात्र लगेच उघडलं. भाऊसाहेब सहा वर्षांत साडेअकराच्या आत कधी कार्यालयात आले नव्हते, हे नागसेनला त्या क्षणी आठवलं. दुकानात आठवलं असतं तर बरं झालं असतं.

"घड्याळ?" भाऊसाहेब म्हणाले. "मी उशिरा येतो म्हनून जाता जाता टोमना मारायलास व्हय रे?"

तेवढ्यात ग्रंथपाल राजेश्री मॅडम आल्या. शाळा पाचला सुटायची, मॅडम चारला. "मी लवकर जाते ते खुपत होतं, तर तोंडावर बोलायचं," त्या म्हणाल्या. "भिंतीवर टांगून बेइज्जती करायची काय गरज होती?"

मागोमाग शिपाई परमेश्वरमामा. मामा शाळेची घंटा भुकेच्या अंदाजानं मारत. "बावीस साल घंटा मारायलो," ते म्हणाले. "माझ्या घंटंनं एक पोरगं तरी नापास झालंय का, नागसेनभाऊ?"

नागसेन घाबरून भाऊसाहेबांकडं धावला. "भाऊसाहेब, माझ्या मनात तसलं काही नव्हतं. चौघांनाबी तेच दिलंय."

"म्हंजे माझी अन् परमेश्वराची इज्जत एकच?"

"तसं न्हाई... अन् माझा कागद?"

"हुईल की. आता घड्याळ हाय. बघत बस."

सोमवार डोळ्यांपुढं नाचू लागला. मग नागसेननं ते केलं, जे घाबरलेला सज्जन माणूस करतो. तो भाऊसाहेबांच्या कानाशी वाकला. "खरं सांगू का? टोमना मॅडमला होता. एकट्या त्यांनाच दिलं असतं तर उघडा पडलो असतो. म्हनून तुमाला सोबतीला दिलं."

भाऊसाहेबांचा चेहरा फुलला. "मग आधी सांगायचं की, येड्या! कागद टाईप करून ठिवतो. उद्या सरांची सही घिऊ."

इथं त्यानं थांबायला हवं होतं. पण वाचनालयाचं काही देणं नाही, अशी मॅडमची सही लागत होती. म्हणून मॅडमना त्यानं सांगितलं, की टोमणा भाऊसाहेबांना होता. मॅडमनी हसत सही केली. फाईल न्यायची मामांनी, म्हणून मामांना सांगितलं, की टोमणा दोघांनाही होता. मामांनी त्याला चहा पाजला.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर निरोपसमारंभ झाला. भाऊसाहेब बोलायला उठले. टाईप केलेला कागद त्यांच्या खिशातून डोकावत होता.

"जे आमी इतकी वर्षं बोलू शकलो न्हाई, ते नागसेननं एका घड्याळात सांगितलं. ज्याला समजायचं त्याला समजलं!" असं म्हणून त्यांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडम त्यांच्याकडं पाहत सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होत्या. माणूस किती कोडगा असावा, याचं दोघांनाही मनापासून नवल वाटत होतं.

ते तिथंच निभावलं असतं. पण मामा हार घेऊन पुढं आले आणि समाधानानं म्हणाले, "दोघांलाबी समजलं, हेच लय झालं."

"दोघांला म्हंजे?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"तुमाला अन् मॅडमला. नागसेनभाऊनंच सांगितलं."

पुढच्या दोन मिनिटांत सगळा हिशेब जुळला आणि तीन माना एकदम नागसेनकडं वळल्या. भाऊसाहेबांनी खिशातला कागद काढला आणि टराटरा फाडला.  नागसेन हात जोडून पुढं झाला.

"भाऊसाहेब, पाया पडतो. सोमवारी माझं..."

"गप! मॅडम, कम्प्युटर चालू करा. परमेश्वर, सर गाडी काढायलेत, त्यांला आडव!"

"आता कशाला?" मॅडमनी विचारलं.

"दुसरा कागद काढतो. ह्याला आज न्हाई, कालपासूनच मोकळा करायचा! आज ह्या मानसानं हितं पाऊल टाकलंच न्हाई."

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

सहा वर्षांत त्या तिघांचं कशावरही एकमत झालेलं नागसेननं पाहिलं नव्हतं. भाऊसाहेब सांगत होते, मॅडम टाईप करत होत्या, मामा शिक्क्यावर फुंकर घालत होते. हेडमास्तरांनी गाडीच्या टपावर कागद ठेवून न वाचताच सही केली. सगळं सात मिनिटांत आटोपलं.

फाटकाबाहेर येऊन नागसेननं मोटारसायकलवर बसल्या बसल्या तो कागद दोनदा वाचला. त्याला लाजही वाटत होती आणि आनंदही होत होता. सही होती, शिक्का होता, जावक क्रमांकही होता, आणि तारीख कालची. त्या कार्यालयातून वेळेआधी निघालेला तो पहिलाच कागद होता.