बेशिस्त मुलाम्याच्या मोहिमेची हकिगत

धातुप्रयोगशाळेतील मुलाम्याची मोहीम कैसी जाहली, म्हणोन पुसाल, तरी हकिगत येणेंप्रमाणे. जैसी पाहिली तैसी लिहिली. पदरचा मीठमसाला घातलाच असेल, तर तोही बेताने.

तख्तावर खासे चष्माबहाद्दर प्रोफेसरसाहेब विराजमान होते, आणि त्यांचे पदरी पीएचडीच्या चौथ्या साली झुंजणारी एक शिष्या होती, तीस सारे ताई म्हणत. ताईंस हुकूम होता कीं, निकेल आणि टंगस्टन यांचे द्रावणात तांब्याची पट्टी बुडवावी आणि विजेच्या जोरावर तिजवर दोहों धातूंचा मुलामा चढवावा. इतके सोपे. परंतु धातूचे अणू मोठे कवायती. जागा मिळाली कीं रांगा धरितात, आणि दोन पलटणी जेथे भिडतात त्या फटींतून गंज आत शिरतो. म्हणोन अणूंस रांग धरू न द्यावी, बाजारच्या गर्दीसारखे अस्ताव्यस्त उभे करावे, ऐसी मसलत ठरली. जगातील सेनापती फौजेस शिस्त लावितात. ताईंस बेशिस्त लावणे प्राप्त जाहले.

मग ताईंनी वीज झटक्याझटक्याने सोडिली, आणि मधूनच उलटी फिरविली, आणि केसाहून हजारो पट बारीक थरांवर थर चढविले, आणि अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरले तरी ठाणे सोडिले नाही. एक्केचाळीस पट्ट्या रणी पडल्या. दर पट्टी क्ष-किरण यंत्रापुढे नेली कीं आलेखात उंच सुळके उभे राहत. सुळका म्हणजे अणूंनी रांग धरिली. हवी होती एक बुटकी, पसरट टेकडी.

मग साहेबांचे फर्मान सुटले कीं, यंत्र शनिवारी दुरुस्तीस जाईल ते चार महिने न परते. शुक्रवारपर्यंत टेकडी न दिसल्यास हा विषय बंद, ताईंनी दुसरा धरावा. चार साले पाण्यात! ताई बेसिनचा नळ सोडून त्याच्या आवाजाआड रडल्या, मग तोंड धुवोन बाहेर आल्या आणि बेचाळिसावी पट्टी घासू लागल्या.

शुक्रवारी दुपारी ताईंचा विसरलेला डबा घेऊन तीर्थरूप दाखल जाहले. त्यांनी तीस साले न्हाणीघरांच्या नळांवर मुलामा चढविला होता. परंतु ताईंनी त्यांस प्रयोगाविषयी एक शब्द पुसला नव्हता. तीर्थरूपांनी द्रावणाच्या टाकीत वाकोन पाहिले.

"हा चिमटा कधी घासला होतास?"

"बाबा, हे नळांचं काम नाही. इथे अणूंचं चाललंय."

"असेल. पण वीज जाते ती याच चिमट्यातून ना?"

ताईंनी पाहिले, तो पट्टी धरणारा चिमटा आतून हिरवागार गंजलेला. विजेचे झटके यंत्रातून डौलात निघत आणि चिमट्यापाशी अडखळत. ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. तीर्थरूपांनी खिशातून सँडपेपर काढिला. मुलाम्याचा कारागीर रुमाल विसरेल, सँडपेपर नाही. मग बाप-लेकीने तो चिमटा घासून लख्ख केला, आणि पट्टी टाकीत सोडिली, आणि सायंकाळी यंत्रापुढे नेली. रेघ सरकू लागली. साहेब पेनाचे टोपण चावीत उभे. सुळक्याची जागा आली, आणि रेघ हळूच फुगोन तैसीच उतरली.

"अरेरे," तीर्थरूप हळहळले, "काहीच आलं नाही की गं!"

"बाबा, काहीच नको होतं!" म्हणोन ताईंनी त्यांच्या गळ्यात हात टाकिले. तीर्थरूपांस उमज पडला नाही. परंतु लेक हसते म्हणोन तेही हसले.

साहेबांनी नोंदवहीत स्वहस्ते दाखल केले कीं, पट्टी बेचाळीस, शिस्तीचा मागमूस नाही, मोहीम फत्ते. मग तीर्थरूपांचा हुद्दा काय लिहावा, याचे खलबत अर्धी घटका चालले. साहेब म्हणत साहाय्यक; ताईंनी पेन हिसकावोन लिहिले, उस्ताद. साहेबांनी त्यावर निमूट सही केली. फत्ते रुजू.