जगनभाऊंच्या गाडीचा खोकला

जगनभाऊ गाड्यांचा धूर रुमालात धरून हुंगतात. डोळे मिटून, अत्तर हुंगावं तसा. त्याच रुमालात बांधून परवा त्यांनी मला बोरं आणली. खाल्ली. डिझेलची चव म्हणावी तेवढी वाईट नसते.

डिसेंबर लागला की आमच्या उस्मानपुऱ्यातल्या जुन्या डिझेल गाड्या सकाळी चालू व्हायला कुरकुर करतात. एक जरी खोकली तरी भाऊ माकडटोपी घालून हजर. मूळचे सिल्लोडचे कापूस व्यापारी. गाड्यांशी नातं निव्वळ हौसेचं. बॉनेटवर हात ठेवून विचारतात, "काय गं, तबियत बरी नाय व्हय?" मालकानं उत्तर दिलं तर, "तुम्हाला नाय विचारलं."

मग निदान. पांढरा धूर सोडत गाडी लंगडली, तर आतला एखादा हीटर प्लग मेला. चालू होऊन लगेच बंद पडली, तर डिझेलच्या पाइपात हवा. स्टार्टर पेंगत फिरला, तर बॅटरी म्हातारी. हे शेवटचं सांगताना ते माझ्याकडं का बघतात, कळत नाही.

मला गाडी त्यांनीच शिकवली. मी तेव्हा चाळिशीची. गॉगल मोठा, अक्कल बेताची. चावी अर्धी फिरवली की समोर पिवळा वेटोळ्याचा दिवा लागायचा. मला वाटलं, शोभेची जिलबी काढलीय. मी सरळ चावी पिरगाळायची, गाडी धडधड हादरायची, आणि मी गॉगलमधून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं रागानं बघायची.

"ओ ताई, जिलबी विझू द्या!" भाऊ ओरडायचे. "आत प्लग तापतेत. विझली की लगेच चावी. उशीर केला की पुन्हा गार!"

असा हा माणूस, आणि या थंडीत त्यांचीच गाडी खोकायला लागली. भाऊंनी प्लग बदलले, बॅटरी बदलली, पाइपातली हवा काढली. खोकला तसाच.

"क्या जगनभाऊ, डाक्टरकोच सर्दी?" समोरचे सलीमचाचा ओरडले.

भाऊंनी दुसऱ्यांच्या गाड्या बघणंच सोडलं. "सोताची कळंना, तुमची काय सांगू? भंगारात देतो तिला."

त्याच आठवड्यात मला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. भाऊ म्हणाले, "चला, जाता जाता तेवढं काम करू द्या तिला."

मी त्यांच्या शेजारी बसले. भाऊंनी चावी अर्धी फिरवली. जिलबी लागली. विझली. भाऊ हललेच नाहीत. आपल्या घराच्या दाराकडं बघत बसले.

"भाऊ, विझली की."

"थांबा हो," ते सहज म्हणाले, "कुलूप ओढून बघतीय ती."

ती म्हणजे मालनवहिनी. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. भाऊंनी गाडीत बसून चावी अर्धी फिरवायची, वहिनींनी कुलूप ओढून बघायचं, जिलबी विझता विझता येऊन धप्पकन बसायचं, की भाऊंनी गाडी चालू करायची. चाळीसएक वर्षं हाच रिवाज.

आपण काय बोललो ते भाऊंना मग कळलं. त्यांनी चावी मागं फिरवली.

मी उतरले. दारापाशी जाऊन कुलूप चांगलं खडखडून ओढलं. परत येता येता ओरडले, "लावा पुन्हा जिलबी!" आणि धप्पकन बसले. त्या बाबतीत मी वहिनींना हार जाणारी नाही.

जिलबी विझली तशी भाऊंनी लगेच चावी फिरवली. गाडी एका दमात चालू झाली. धूर नाही, थरथर नाही.

गिअर टाकत भाऊ म्हणाले, "हवाच होती बघा पाइपात. निघाली."

"हवाच असणार," मी म्हटलं.

दवाखान्याचं वळण मागं गेलं. मी सांगितलं नाही.