उजव्या पायाचा गिअर

इंजिनाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही! सगळी नोकरी बस चालवण्यात गेली. क्लच जळतोय की ड्रायव्हरच्या डब्यातली भाजी नासलीय, हे मी नुसत्या वासावरून सांगेन. तेव्हा मागच्या खोलीत ताडपत्रीखाली झाकलेली मोटारसायकल ओळखायला कितीसा वेळ लागणार? "चहा गार व्हायच्या आत ओळखतो," असं मी शेजारच्या नर्सबाईंना सांगूनही टाकलं.

ही गाडी आमच्या हिच्या माहेरून आली. सासऱ्यांचं गॅरेज बंद झालं, तेव्हा हिनं ती मागून घेतली. "बाबांची आठवण आहे, राहू दे," एवढंच म्हणायची. अधूनमधून ताडपत्री काढून पुसायची, चाक हातानं फिरवायची, कुठे तेलाचा थेंब सोडायची. गेल्या उन्हाळ्यात ही गेली आणि पुसायचं काम माझ्याकडे आलं. जावई म्हणाला, "बाबा, भंगारात देऊन टाका, खोली मोकळी होईल." घर आधीच इतकं मोकळं झालं होतं की आणखी एक खोली मोकळी करून मी तिथे काय लंगडी घालणार होतो? जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे ही गाडी उभी राहिली, तर जावई पुन्हा भंगाराचं नाव काढणार नाही, असा मी हिशोब केला.

प्रदर्शन भरवणारे गृहस्थ गाडी बघायला आले. एक भिंग हातात, एक गळ्यात, एक खिशात. अंधाऱ्या खोलीत ते गाडीभोवती मांजरासारखे फिरले.

"टू-स्ट्रोक!" भिंगवाले म्हणाले. "आणि ड्रॅग रेसची! सरळ पट्टीवर दोन गाड्या शेजारी शेजारी सोडायच्या. पाव मैलात पुढे जाईल ती जिंकली. वळायचं कामच नाही."

"आणि थांबायचं?"

"ते ज्याचं त्यानं बघायचं."

गाडी होतीच तशी! घोरपडीसारखी लांब आणि बुटकी. दिवा नाही, मडगार्ड नाही, टाकी किटलीएवढी. वजन कमी करायला लोखंड दिसेल तिथे भोकं पाडलेली. सायलेन्सर मधेच फुगलेला, अजगरानं बकरी गिळल्यासारखा.

"गिअर उजव्या पायाला!" भिंगवाले एकदम ताठ झाले. "साहेब, ही विलायती आहे! गिअर उजवीकडे म्हणजे तिकडचीच."

"मी पहिल्यापासून तेच म्हणतोय," मी म्हणालो. मी काहीच म्हटलं नव्हतं!

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की माझ्याकडे विलायती गाडी आहे. न्हाव्यानं तर मला खुर्ची झटकून दिली.

दुसऱ्या दिवशी भिंगवाल्यांचा फोन आला. आवाज पडलेला. "अहो, नंबर ताडून बघितला. इंजिन दूधवाल्यांच्या मोटारसायकलचं निघालं! सांगाडा भलताच, चाकं तिसरीच. बारभाईंचा कारभार आहे सगळा. कोणी बनवली, कशासाठी बनवली, हे कळल्याशिवाय प्रदर्शनात घेता येत नाही."

"मग भंगारच?"

"संध्याकाळी येतो. चालू करून ठेवा. आवाजावरून काही पत्ता लागला तर बघू."

टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. किती, ते आठवेना. म्हटलं, जास्त झालं तर बिघडतंय कुठे! चांगली सढळ धार सोडली. मागचं चाक स्टँडवर उचललं. गल्लीला त्रास नको म्हणून दार लावून घेतलं, खिडकी तेवढी उघडी ठेवली, कानात कापूस घातला आणि गाडी गिअरमध्ये टाकून चाक गरगर फिरवायला लागलो. पाठीची कमान झाली, तेव्हा गाडीबाई एकदम भडकली!

आवाज म्हणजे पत्र्याच्या पिंपात दोनशे भांडखोर कोंबडे! आणि धूर! खिडकीतून निळ्या गाद्याच्या गाद्या बाहेर पडायला लागल्या. दार कोणीतरी बडवत होतं.

"काका, दार उघडा!" नर्सबाई किंचाळत होत्या. "काकूंना हे आवडलं नसतं हो!"

आवाजाची तक्रार आहे, असं मला वाटलं. "आवडलंच असतं!" मी ओरडलो. "तिच्यासाठीच चाललंय हे!"

बाहेर रडारड सुरू झाली. मला कळेना, एका मोटारसायकलसाठी एवढं हळवं व्हायचं काय कारण! नर्सबाईंनी तोवर अग्निशमन दलाला फोन लावला होता आणि दुसरा माझ्या थोरल्या मेहुणीला, "लवकर या, काकांनी खोलीत स्वतःला पेटवून घेतलंय!"

न्हाव्यानं दाराला खांदा दिला. दार धाडकन उघडलं, मी दचकलो, माझा पाय स्टँडला लागला आणि चाक जमिनीला टेकलं.

गाडी सुटली! सीटला लोंबकळलेला मी तिच्यामागून सुटलो. न्हावी बाजूला झाला म्हणून वाचला. वळायचं काम नव्हतंच. अंगण ओलांडून आम्ही थेट नर्सबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींत घुसलो. गाडी आडवी झाली आणि बंद पडली. तेवढ्यात अग्निशमनवाले आले. आग कुठेच दिसेना, म्हणून त्यांनी मला भिजवलं.

त्या चिखलात भिंगवाले पोचले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आडव्या गाडीच्या पोटाशी गुडघे टेकले.

"अहो! ही सळई बघा! इंजिनाचा गिअर मुळात डावीकडेच आहे. खालून सळई घालून, वेल्डिंग करून तो उजवीकडे आणलाय! एवढा खटाटोप कोण करेल?"

चादर गुंडाळून मी पुढे झालो. सळईवरून बोट फिरवलं आणि ओळखलं. डाव्या पायाला काम पडू नये, म्हणून केलेलं होतं ते. आमच्या हिचा डावा घोटा लहानपणी मोडला होता. तो वाकायचा नाही. जिन्यावर ती कायम उजवा पाय आधी टाकायची.

"भाऊजी! जिवंत आहात का?" रिक्षातून मेहुणी उतरली. रडत होती, पण गाडी दिसल्यावर पदरानं डोळे पुसून गर्रकन माझ्याकडे वळली. "तिच्या गाडीची ही दशा केलीत?"

"तिच्या म्हणजे?"

"मग काय माझ्या? बाबांनी तिच्या मापानं बांधली होती! जुन्या धावपट्टीवर भल्याभल्या बाप्यांना धूर खायला लावायची ती. तीनदा पहिली आली!"

"मला कधी बोलली नाही!"

"कशी बोलेल? तुम्ही सायकलवरून जातानाही कोपऱ्यावर उतरून बघता! म्हणायची, यांना सांगितलं तर झोपेत दचकत बसतील."

भिंगवाले उठले. त्यांचे गुडघे चिखलानं माखले होते. "साहेब, कारखान्यात हजारो गाड्या बनतात. ही जगात एकच आहे. प्रदर्शनात मधोमध उभी करतो!"

आणि केली! पाटीवर बांधणारा म्हणून सासऱ्यांचं नाव, चालवणारी म्हणून हिचं. जावई सकाळपासून फडकं घेऊन गाडीशेजारी उभा, कोणी हात लावला की खेकसायचा. आणि मी? मी येईल त्याला सांगत होतो, "ही माझ्या बायकोची गाडी. तीनदा पहिली आली." एकानं विचारलं, त्याला सांगितलं. दहांनी विचारलं नाही, त्यांनाही सांगितलं! दुपारी एक गृहस्थ घाईघाईनं आले. त्यांना मी सळईपासून धावपट्टीपर्यंत सगळं ऐकवलं. बिचारे या पायावरून त्या पायावर होत शेवटपर्यंत ऐकत राहिले.

मग हळूच म्हणाले, "फार छान. पण मी मघाशी स्वच्छतागृह कुठे आहे, ते विचारलं होतं."